मुंबईचं दूध १५ दिवस बंद पाडलं आणि त्यातून अमूल उभं राहिलं, त्रिभुवनदास पटेलांची गोष्ट

अमूल म्हटलं की पोलका डॉट्सचा फ्रॉक घातलेली ती मुलगी आठवते. त्यानंतर आठवतात डॉ. व्हर्गीस कुरियन. श्वेतक्रांतीचे जनक, मिल्कमॅन ऑफ इंडिया. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातही तेच नाव असतं.

२०२५ मध्ये संसदेने गुजरातच्या आणंदमध्ये सहकाराचं विद्यापीठ सुरू करण्याचा कायदा केला. त्या विद्यापीठाला नाव दिलं गेलं त्रिभुवन. बऱ्याच जणांसाठी हे नाव नवीन होतं. पण कुरियन आणंदच्या स्टेशनवर उतरले, त्याच्या तीन वर्षं आधीच या त्रिभुवनदासांनी शेतकऱ्यांचा दूध संघ काढला होता. इतकंच नाही, तर आणंद सोडून निघालेल्या कुरियन यांना थांबवून घेणारे पण हेच.

आज गावातल्या डेअरीत दूध घालणारा शेतकरी आणि शहरात दुधाची पिशवी फोडणारं घर यांच्यामध्ये जी साखळी आहे, ती कशी उभी राहिली हे समजून घ्यायचं असेल तर त्रिभुवनदास पटेल यांची गोष्ट माहीत पाहिजे.

खेड्यातला दूधवाला आणि मुंबईचं लोणी

त्रिभुवनदास किशीभाई पटेल यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ चा, आणंदचा. तेव्हा आणंद खेडा जिल्ह्यात होतं. १९१८ ला गांधीजी आणि वल्लभभाई पटेलांनी सारामाफीसाठी सत्याग्रह केला तो याच जिल्ह्यात. अशा वातावरणात वाढलेला पोरगा चळवळीत न जाता तरच नवल. १९३०, १९३५ आणि १९४२ असा तीनदा त्यांनी तुरुंगवास भोगला. गांधीटोपी, खादी आणि गावोगाव पायपीट हीच त्यांची ओळख झाली.

आता त्या काळातला दुधाचा धंदा बघू.

खेडा जिल्ह्यात घरटी एखाद-दुसरी म्हैस असायची. शेतीचं उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा, पण म्हैस रोज दोन वेळा दूध द्यायची. घरखर्च त्यावर चालायचा. अडचण अशी होती की दूध हा थांबणारा माल नाही. कापूस किंवा तंबाखूला भाव मिळाला नाही तर चार दिवस घरात ठेवता येतो. दुधाचं तसं नाही. गुजरातच्या उन्हात धार काढल्यावर काही तासांत ते नासायला लागतं. त्यामुळे दारात येणारा व्यापारी जो भाव सांगेल त्या भावाला दूध द्यायचं, नाहीतर तूप कढवायचं, एवढेच पर्याय शेतकऱ्यापुढे होते.

हे दूध जायचं पोल्सनकडे. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी उद्योजकाची ही कंपनी. आधी त्यांचा कॉफीचा धंदा होता, नंतर ते लोण्यात उतरले. मुंबईत पोल्सनचं लोणी इतकं चालायचं की कुणाची खुशामत करायची म्हणजे पोल्सन लावायचं, असा वाक्प्रचारच पडला होता. या पोल्सनने १९३० च्या सुमारास आणंदला मोठी डेअरी टाकली.

नंतर दुसरं महायुद्ध आलं. मुंबईची लोकसंख्या वाढली, दुधाची टंचाई झाली. तबेल्यातलं दूध महाग आणि त्यात भेसळ. यावर उपाय म्हणून सरकारने १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम आणली. आणंदला दूध गोळा करायचं, तिथंच पाश्चराइज करायचं आणि थंड करून रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या मुंबईत आणायचं, अशी ही योजना. काम मिळालं पोल्सनला. सोबत खेडा जिल्ह्यातून दूध उचलण्याची मक्तेदारी पण मिळाली.

मुंबईकराला चांगलं दूध मिळालं, सरकारचा प्रश्न सुटला, पोल्सनचा आणि मधल्या व्यापाऱ्यांचा फायदा झाला. शेतकऱ्याच्या हातात मात्र काहीच वाढीव पडलं नाही. उलट दुसरं गिऱ्हाईकच उरलं नाही.

सरदार पटेलांनी सांगितलेला मार्ग

चिडलेले शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदार याच भागातले, शेतकऱ्यांचं दुखणं त्यांना माहीत होतं. भाव दोन पैशांनी वाढवून मागायचा, तर व्यापारी पुढच्या वर्षी तो परत पाडणार हे त्यांनी ओळखलं. त्यांचं म्हणणं असं होतं की शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढावी, दूध स्वतः गोळा करावं, डेअरी स्वतःच्या मालकीची असावी आणि मुंबईला दूध थेट विकावं. सरकार नाही म्हणालं तर दूध द्यायचंच बंद करावं. त्यात नुकसान होणार, ते सोसायची तयारी आहे का, हेही त्यांनी आधीच विचारून घेतलं.

सरदारांनी मोरारजी देसाई यांना खेड्याला पाठवलं. ४ जानेवारी १९४६ ला आणंदजवळच्या सामरखा गावात शेतकऱ्यांची सभा भरली. प्रत्येक गावात दूध सोसायटी, सगळ्या सोसायट्यांचा मिळून एक संघ आणि सरकारने याच संघाकडून दूध घ्यावं, असा ठराव झाला. संघ बांधायची जबाबदारी आली त्रिभुवनदासांवर.

सरकारने मागणी मान्य केली नाही. मग संप पुकारला गेला.

१५ दिवस खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पोल्सनला दूध घातलं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण गिरणी बंद केली की यंत्र थांबतं, म्हैस थांबत नाही. तिची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. ज्या घरात दुधाच्या पैशावर मीठ-मिरची यायची, त्या घराने दोन आठवडे रोजचं दूध डोळ्यांदेखत वाया जाताना बघितलं. हा संप टिकला तो गावोगाव फिरून लोकांना धीर देणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे, आणि त्यात त्रिभुवनदास पुढे होते.

मुंबईला जाणारं आणंदचं दूध आटलं. शेवटी मुंबईचे दूध आयुक्त स्वतः आणंदला आले, परिस्थिती बघितली आणि शेतकऱ्यांची मागणी मान्य झाली.

१४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष झाले त्रिभुवनदास पटेल.

सुरुवात फक्त २५० लिटरने

नोंदणी झाली, पण संघाकडे ना डेअरी होती ना पैसा. त्रिभुवनदास गावोगाव चालत जायचे आणि सोसायटी काढा म्हणून सांगायचे. नियम साधा होता. ज्याच्या घरी म्हैस तो सभासद. म्हैस एक असो की दहा, मत एकच.

जून १९४८ मध्ये संघाने मुंबईसाठी दूध पाश्चराइज करायला सुरुवात केली. तेव्हा दोन गावच्या सोसायट्या होत्या आणि दिवसाला जेमतेम २५० लिटर दूध. पण वर्ष संपता संपता ४३२ शेतकरी जोडले गेले आणि दूध ५ हजार लिटरवर गेलं.

यामागचं एक कारण म्हणजे पैसे देण्याची पद्धत. सकाळी घातलेल्या दुधाचे पैसे संध्याकाळी आणि संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या दिवशी सकाळी. तेही फॅट मोजून, त्या हिशोबाने. पाणी घातलं की फॅट पडणार आणि भाव कमी होणार. बऱ्याच घरांत दूध घालायला बायका यायच्या, त्यामुळे दिवसातून दोनदा त्यांच्या हातात रोख पैसा पडायला लागला.

डेअरीची अवस्था मात्र बिकट होती. आणंदच्या सरकारी क्रीमरीतली जुनाट यंत्रं संघाने भाड्याने घेतली होती. ती सारखी बंद पडायची, आणि यंत्र बंद पडलं की दूध नासायचं.

त्याच सरकारी क्रीमरीत मे १९४९ मध्ये २७ वर्षांचा एक इंजिनिअर आला. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्यामुळे त्याला इथं नोकरी करणं भाग होतं. केरळचा, ख्रिश्चन, मांसाहारी आणि अविवाहित. आणंदमध्ये त्याला कुणी घर भाड्याने देईना, म्हणून तो एका गॅरेजमध्ये राहायचा. काम फारसं नव्हतं, कंटाळा भरपूर होता. हेच व्हर्गीस कुरियन.

संघाचं यंत्र बिघडलं की त्रिभुवनदास कुरियन यांना बोलवायचे. दरवेळी ठोकपीट करून वैतागलेल्या कुरियन यांनी शेवटी सल्ला दिला की हे भंगार टाका आणि नवीन प्लेट पाश्चरायझर घ्या. या यंत्रात दूध पातळ पत्र्यांमधून फिरतं, साधारण ७२ अंशांपर्यंत १५ सेकंद तापतं आणि लगेच थंड होतं. रोगजंतू मरतात आणि दूध लांबच्या प्रवासात टिकतं. रेल्वेने मुंबईला दूध पाठवायचं तर याला पर्याय नव्हता.

किंमत संघाच्या आवाक्याबाहेरची होती. तरी त्रिभुवनदासांनी उसनवारी करून पैसे उभे केले. तेवढ्यात कुरियन यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा मंजूर झाला आणि ते निघायच्या तयारीला लागले. त्रिभुवनदासांनी त्यांना गाठलं. यंत्र तुमच्या सल्ल्याने मागवलंय, ते बसवून सुरू होईपर्यंत तरी थांबा, एवढीच त्यांची विनंती होती. कुरियन थांबले. १ जानेवारी १९५० पासून ते संघाचे मॅनेजर झाले आणि नंतर आयुष्यभर आणंदलाच राहिले.

अध्यक्षाने काय केलं नाही, हेही महत्त्वाचं

त्रिभुवनदासांनी सगळा कारभार या परक्या, आपली भाषाही न बोलणाऱ्या तरुणाच्या हातात दिला. गावं, शेतकरी आणि राजकारण त्रिभुवनदासांनी सांभाळायचं, डेअरी कुरियन यांनी चालवायची. नोकरभरती असो की यंत्रखरेदी, अध्यक्षाने त्यात हात घातला नाही. बाहेरून दबाव आला तर मात्र मॅनेजरच्या पुढे उभं राहायचं.

पुढचा पेच हिवाळ्यातल्या दुधाचा होता. थंडीत म्हशी उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त दूध द्यायच्या आणि एवढं दूध मुंबई घेत नव्हती. शेतकऱ्याला दूध परत न्या म्हणून सांगितलं तर तो पुन्हा व्यापाऱ्याकडेच जाणार. उपाय एकच होता, जास्तीच्या दुधाची पावडर आणि लोणी करणं. पण म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगायचे. कुरियन यांचे मित्र एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रांसाठी मदत केली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला, सरदार पटेलांच्या जयंतीदिवशी, पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते नव्या डेअरीचं उद्घाटन झालं.

इथूनच अमूल हे नाव बाजारात आलं. आणंद मिल्क युनियन लिमिटेडची आद्याक्षरं त्यात बसली आणि अमूल्य हा अर्थही. थोड्याच वर्षांत पोल्सनच्या लोण्याची जागा अमूलच्या लोण्याने घेतली.

१९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईची दूध योजना उभारणारे दारा खुरोडी या तिघांना मिळून दिला गेला. दूध गोळा करणारा, प्रक्रिया करणारा आणि शहरात पोहोचवणारा, अशी सगळी साखळीच एका पुरस्कारात आली. १९६४ मध्ये त्रिभुवनदासांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री खेडा जिल्ह्यातल्या एका गावात मुक्कामाला राहिले, शेतकऱ्यांशी बोलले, आणि हेच मॉडेल देशभर न्यायचं ठरलं. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ म्हणजे एनडीडीबीची स्थापना झाली. १९७० पासून ऑपरेशन फ्लड सुरू झालं.

एक रुपयाची थैली

त्रिभुवनदास राज्यसभेचे खासदार झाले, गुजरात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पाव शतक ते संघाच्या अध्यक्षपदावर होते. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते पद स्वतःहून सोडलं. सहकारात चेअरमनकीसाठी काय काय होतं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

निरोप देताना सभासदांनी माणशी एक रुपया गोळा केला. थैली भरली ६ लाख रुपयांची. त्रिभुवनदासांनी ते पैसे घरी नेले नाहीत. गावातल्या बायका आणि लहान मुलांच्या आरोग्यासाठी त्यातून त्रिभुवनदास फाउंडेशन सुरू केलं. ज्या दूध सोसायट्यांचं जाळं गावोगाव विणलं होतं, त्याच जाळ्यावर आरोग्यसेविका काम करू लागल्या. पुढे या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांनी कुरियन यांच्याकडे दिलं.

३ जून १९९४ ला त्रिभुवनदास पटेल यांचं निधन झालं. त्यानंतर चार वर्षांत भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला.

आज अमूलशी सुमारे ३६ लाख दूध उत्पादक जोडलेले आहेत. ग्राहकाच्या एका रुपयातले ८० पैशांहून जास्त शेतकऱ्याला जातात, असं अमूल सांगतं. आपल्याकडे कोल्हापूरचा गोकुळही १९६३ पासून गाव सोसायटी आणि जिल्हा संघ अशाच रचनेवर चालतो. दूधदराचं आंदोलन मात्र महाराष्ट्रात दर एक-दोन वर्षांनी होतं. रस्त्यावर दूध ओतलं जातं, तेव्हा प्रश्न तोच असतो जो १९४६ ला सामरख्याच्या सभेत होता. दूध काही तासांत नासतं, मग ते टिकवणारं यंत्र कुणाच्या मालकीचं आहे? कारण भाव तोच ठरवतो.