कर्णाश्मांची लिपी वाचणारे अर्न्स्ट कोकेन

घोळ किंवा ढोमा यांसारखा मासा कापताना त्याच्या डोक्यात पांढरे, कठीण खडे सापडतात. बोलीभाषेत त्यांना हाड म्हटले, तरी ते असतात कॅल्शियम कार्बोनेटचे. बहुतेक माशांच्या आंतरकर्णात अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल सांभाळणे आणि ऐकणे ही कामे त्यांच्या साहाय्याने चालतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना कर्णाश्म अथवा ओटोलिथ म्हणतात. या इवल्याशा खड्यांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेले मासे ओळखण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ म्हणजे अर्न्स्ट कोकेन.

कोकेन यांचा जन्म १८६०मध्ये ब्राउनश्वाइग येथे झाला. ऐन चोविशीत, १८८४मध्ये, त्यांनी माशांच्या कर्णाश्मांवरील आपला पहिला मोठा निबंध जर्मन भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. उत्तर जर्मनीतील ऑलिगोसीन काळातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ३९ लाख ते २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे थर हा त्याचा मुख्य विषय होता. त्या काळी या प्रदेशाच्या मोठ्या भागावर समुद्र होता.

मासा मेल्यावर त्याचा नाजूक सांगाडा बहुधा विखरून जातो. अखंड जीवाश्म क्वचितच मिळतात. कर्णाश्म मात्र चिकणमातीत टिकून राहतात आणि विपुल सापडतात. अडचण एवढीच, की सुटा खडा कोणत्या माशाचा हे कोणी सांगायचे? कोकेन यांनी त्याचे उत्तर जिवंत माशांत शोधले. आजच्या माशांचे कर्णाश्म तपासून त्यांनी ते जीवाश्मांशी ताडून पाहिले. खड्याची बाह्यरेषा, कडा आणि विशेषतः आतील पृष्ठभागावरची खाच यांची ठेवण माशांच्या गटागटांत वेगळी असते. या खुणांच्या आधारे सुट्या खड्याचे कूळ ठरवता येऊ लागले.

मात्र एका खड्यावरून संपूर्ण माशाविषयी छातीठोक दावा करण्याचा मोह त्यांनी टाळला. प्रजाती निश्चित करता येत नसेल तेव्हा ते 'ओटोलिथस' हे तात्पुरते नाव वापरत आणि पुढे कंसात फक्त कुळाचा उल्लेख करत. जेवढे दिसते तेवढेच सांगायचे, हा संयम त्या नामकरणातच होता. १८८८मध्ये त्यांनी अमेरिकेतील मिसिसिपी आणि अलाबामा येथील इओसीन काळातील कर्णाश्मांचे वर्णन केले. घोळ आणि ढोमा ज्या कुळातील, त्याच कुळात त्यांपैकी काहींची गणना त्यांनी केली.

पुढे कोनिग्सबर्ग आणि १८९५पासून ट्युबिंगेन येथे ते प्राध्यापक होते. त्यांची जिज्ञासा माशांपुरती मर्यादित नव्हती. प्राचीन गोगलगायींपासून हिमयुगातील मानवापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी लेखन केले. फ्रिट्झ नोटलिंग यांच्यासह त्यांनी तत्कालीन हिंदुस्थानातील, आता पाकिस्तानात असलेल्या, मिठाच्या डोंगररांगेतील पर्मियन काळातील हिमनद्यांच्या खुणांचा अभ्यास १९०३मध्ये प्रसिद्ध केला.

१९१२मध्ये ट्युबिंगेन येथे, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीपुढे एक प्रश्न उरलाच होता. एकाच माशाच्या सांगाड्याला एक नाव आणि सुट्या कर्णाश्माला दुसरे नाव मिळण्याचा धोका होता. कवटीत कर्णाश्म जागच्या जागी असलेला दुर्मीळ जीवाश्म सापडला, तरच ही दुहेरी ओळख मिटते. पुढील अभ्यासकांनी कोकेन यांच्या अनेक 'ओटोलिथस'ना नेमक्या प्रजातींच्या नावाखाली आणले. १९८५मध्ये बेल्जियमचे डिर्क नोल्फ यांनी जीवाश्म कर्णाश्मांवर हस्तग्रंथ लिहिला, तेव्हा ही एक स्वतंत्र ज्ञानशाखा झालेली होती. कोकेन यांनी दिलेली कित्येक नावे बदलली. पण जिवंत माशाच्या कानातील खडा हातात धरून नामशेष माशाचा माग काढण्याची त्यांची रीत आजही तीच आहे.