खेड्यांतील शाळांचा कैवारी : व्हीअर फॉस्टर

व्हीअर फॉस्टर यांचा जन्म १८१९ साली कोपनहेगन येथे झाला. वडील ब्रिटिश मुत्सद्दी. ईटन व ऑक्सफर्ड येथे शिकून पुत्रानेही तोच मार्ग धरला. परंतु १८४७ साली आयर्लंडमधील भीषण दुष्काळ प्रत्यक्ष पाहताच त्यांच्या जीवनाला निराळे वळण लागले. उपाशी कुटुंबांना अमेरिकेस जाण्यासाठी ते स्वखर्चाने साहाय्य करू लागले. १८५० साली गरीब उतारूंसोबत त्याच जहाजाने प्रवास करून त्यांनी तेथील हालअपेष्टा सरकारपुढे मांडल्या.

पुढे त्यांचे लक्ष खेड्यांतील प्राथमिक शाळांकडे गेले. अनेक शाळा म्हणजे ओलसर मातीच्या जमिनीची अंधारी खोली. तेथे अनवाणी मुले थंडीत कुडकुडत बसत. फॉस्टर यांनी अशा शाळांना लाकडी जमीन व दुरुस्तीसाठी पैसा पुरविला. शाळा कॅथोलिकांची की प्रोटेस्टंटांची, हा भेद त्यांनी केला नाही. पंथभेदाने दुभंगलेल्या त्या देशात ही गोष्ट लहान नव्हती. १८६५ पासून त्यांचे स्वस्त कित्ते शाळांत पोहोचले व असंख्य मुलांचे हस्ताक्षर त्यांवर घडले. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या शिक्षकांनी १८६८ साली आपली राष्ट्रीय संघटना स्थापिली, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांनाच दिले.

अविवाहित फॉस्टर स्वतः अत्यंत साधेपणाने राहिले. डिसेंबर १९०० मध्ये बेलफास्ट येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची बहुतेक संपत्ती इतरांसाठी खर्ची पडली होती. लहानांसाठी वेचलेले धन वाया जात नाही, याची साक्ष त्यांचे जीवन देते.