धनंजयराव गाडगीळ आणि गावची बँक

मुंबई-गोवा महामार्गाने हातखंबा मागे टाकून पालीच्या बाजारपेठेत शिरणाऱ्या प्रवाशाला बँकेची पाटी दिसली, तर तिचे आज नवल वाटत नाही. शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय यांच्याप्रमाणे बँकही गावात असावयाचीच, असे आपण गृहीत धरतो. परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वी कोकणातील सामान्य कुटुंबाला बँक ठाऊक होती ती टपालखात्याच्या रूपाने. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी मनीऑर्डर धाडी, पोस्टमन ती घराच्या ओटीवर आणून देई आणि त्यावर वाण्याची उधारी फिटे. पैसा गावात येत होता; गावात थांबत मात्र नव्हता. अडीअडचणीला कर्ज हवे झाले तर सावकाराचा उंबरठा होताच. ही स्थिती पालटावी म्हणून ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांत धनंजयराव गाडगीळांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. गावोगावच्या शाखा पाहताना त्यांचे स्मरण किती जणांना होते, हा प्रश्नच आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध 1924 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ विद्यार्थी तो ग्रंथ वाचीत राहिले. मुंबई सरकारच्या वित्त विभागातील अल्पकालीन नोकरीनंतर त्यांनी सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिची धुरा या तरुण प्राध्यापकाकडे आली. ती त्यांनी 1966 पर्यंत वाहिली.

पुस्तकांतील सिद्धांत खेड्यातील माणसाच्या जमाखर्चाशी ताडून पाहावयाचा, ही या संस्थेची शिस्त होती. या शिस्तीतूनच गाडगीळ शेतीकर्जाच्या प्रश्नाकडे वळले. 1944 साली नेमलेल्या शेती वित्तपुरवठा उपसमितीचे ते अध्यक्ष होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत गाडगीळ सदस्य होते. 75 जिल्ह्यांतील 600 खेड्यांत घरोघर जाऊन केलेल्या या पाहणीने राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत अंजन घातले. 1951-52 साली शेतकऱ्याने काढलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के होता. व्यापारी बँकांचा वाटा तर एक टक्काही नव्हता. सुमारे 70 टक्के कर्ज व्यावसायिक आणि शेतकरी सावकारांकडून येत होते. सहकाराचा कायदा 1904 साली झालेला. त्याच्या अर्धशतकाची ही फलश्रुती होती.

दुसऱ्या एखाद्याने यावरून सहकाराचा नाद सोडून द्यावा, असा निष्कर्ष काढला असता. समितीने नेमका उलट मार्ग दाखविला. दुबळ्यांनी दुबळ्यांशी केलेला सहकार सावकार आणि व्यापारी यांच्या एकवटलेल्या बळापुढे टिकत नाही. म्हणून शासनाने त्यात भागीदार व्हावे, कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घालावी आणि एक बलाढ्य सरकारी बँक खेड्यांच्या दिशेने न्यावी, असे तिने सुचविले. 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले, ते याच विचारातून.

गाडगीळ केवळ अहवाल लिहून थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला, तेव्हा शेतकऱ्यांच्या त्या धाडसाचे अध्यक्षपद या पुणेकर अर्थशास्त्रज्ञाने स्वीकारले. राज्य सहकारी बँकेचेही ते अध्यक्ष होते. विद्वत्ता आणि व्यवहार यांची अशी सांगड आपल्याकडे विरळाच.

1967 साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राच्या साहाय्याची राज्यांत वाटणी करणारे सूत्र त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पण खेड्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम होते ते 1969 च्या अभ्यासगटाचे. त्या सुमारास देशातील एक टक्का खेड्यांतही व्यापारी बँक पोहोचली नव्हती. जुलैमध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑक्टोबरमध्ये गाडगीळ गटाने सुचविले की, बँकांनी मोठ्या शहरांत एकमेकींशी स्पर्धा करण्याऐवजी एकेका जिल्ह्याचे पालकत्व घ्यावे, तेथील गरजा मोजाव्यात आणि त्यानुसार शाखा व कर्जे यांची आखणी करावी. डिसेंबरात अग्रणी बँक योजना अस्तित्वात आली. रत्नागिरी जिल्हा बँक ऑफ इंडियाकडे आला. 1969 च्या मध्यास देशात सुमारे 8,300 बँकशाखा होत्या. 1990 पर्यंत त्या जवळजवळ 60,000 झाल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण होत्या. जांभ्याच्या भिंतींच्या कौलारू घरात, भाड्याच्या दोन खोल्यांत, एक लोखंडी तिजोरी आणि एक लाकडी काउंटर यांवर कित्येक शाखांचा संसार सुरू झाला. ती साधी वास्तू हेच गाडगीळांचे खरे स्मारक होय. स्वतः त्यांना ते फारसे पाहावयास मिळाले नाही. नियोजन मंडळाचे काम संपवून दिल्लीहून पुण्याला परतत असताना, 3 मे 1971 रोजी, रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

मोठ्या माणसाचे ऋण मानताना त्याच्या योजनेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. शासनाच्या भागीदारीबरोबर सहकारात राजकारण शिरले आणि दुबळ्यांसाठी उभारलेल्या संस्था अनेक ठिकाणी सबळांच्या हाती गेल्या. प्रवरेचा आदर्श उसाच्या सलग मळ्यांत रुजला. डोंगरउताराच्या, तुकड्यातुकड्यांच्या कोकणी शेतीत तो तसा रुजला नाही. अग्रणी बँक योजनेच्या बैठकाही पुष्कळदा आकडे वाचून दाखविण्यापुरत्या उरल्या.

तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न शिळा झालेला नाही. गावचा पैसा गावच्या कामी येतो काय, हा तो प्रश्न. चाकरमान्याची बचत आज मनीऑर्डरऐवजी थेट खात्यात जमा होते. भाजीवालीही भ्रमणध्वनीवर पैसे स्वीकारते. पण हापूसच्या बागायतदाराला मोहोराच्या वेळी औषधफवारणीसाठी रक्कम लागते, तेव्हा त्याची अडचण कोण भागवितो? सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची वीस नावे असली की बँकेचा अर्ज अडतो. मग दलालाकडून आगाऊ उचल घ्यावी लागते आणि झाडावरचे फळ पिकण्यापूर्वीच भाव त्याच्या हाती जातो. कर्ज व विक्री यांची सांगड शेतकऱ्याच्या बाजूने घाला, हा 1954 च्या अहवालातील आग्रह येथे उलटा होऊन बसला आहे.

बँकांचे विलीनीकरण झाले, यंत्रे आली, आणि खेड्यातील शाखा तोट्याची म्हणून आखडती घ्यावी असा सूर वारंवार निघतो. यंत्र पैसे मोजून देईल. सामाईक सातबाऱ्याचा गुंता समजून घेऊन हा माणूस कर्ज फेडील की नाही, याचा अदमास ते घेणार नाही. त्यासाठी गाव ओळखणारा अधिकारी टेबलापलीकडे बसलेला असावा लागतो. म्हणून ठेवी किती जमल्या एवढ्यावरच शाखेचे मूल्य ठरवू नये. त्यांपैकी किती रक्कम त्याच पंचक्रोशीत कर्जरूपाने परतली, हा हिशेब दरवर्षी गावापुढे मांडला जावा आणि तो मागण्याची सवय गावातील शिकलेल्या माणसांनी लावून घ्यावी. गाडगीळांनी आयुष्यभर जो जमाखर्च तपासला, त्याची उरलेली बाकी तीच आहे.