काच नसलेला चष्मा

उंच इमारतीच्या घड्याळाचा काटा धरून एक तरुण लोंबकळतो आहे. खाली लॉस एंजेलिसचा रस्ता, त्यावर मुंगीएवढ्या मोटारी. डोक्यावरची टोपी केव्हा उडेल सांगता येत नाही, पण नाकावरचा वाटोळ्या काड्यांचा चष्मा मात्र जागच्या जागी आहे. 1923 सालच्या ‘सेफ्टी लास्ट’ या मूकपटातील हे दृश्य सिनेमाचा इतिहास न वाचलेल्यांनीही कुठे ना कुठे पाहिलेले असते. त्या तरुणाचे नाव हॅरॉल्ड लॉइड. चॅप्लिनची ओळख काठी आणि मिशी, बस्टर कीटनची ओळख न हसणारा चेहरा, तशी लॉइडची ओळख हा चष्मा. गंमत अशी, की त्या चष्म्याला काचाच नव्हत्या.

लॉइडचा जन्म 20 एप्रिल 1893 रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, बर्चर्ड नावाच्या खेड्यात झाला. वडिलांचा एकही धंदा धड टिकत नसे. त्यामुळे बालपण गावे बदलण्यात गेले. पोरवयापासून नाटकाची ओढ. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आले आणि लॉइड किरकोळ कामे करीत सिनेमात शिरला. तिथे त्याच्यासारख्याच धडपड्या हॅल रोचशी त्याची गाठ पडली. रोचने स्वतःची चित्रसंस्था काढली आणि 1915 पासून ‘लोनसम ल्यूक’ या पात्राचे विनोदी लघुपट निघू लागले.

ल्यूक चालला, पण तो उसना होता. चॅप्लिनचे कपडे ढगळ, म्हणून ल्यूकचे तंग. चॅप्लिनची मिशी एक ठिपका, तर ल्यूकची दोन. एकदा प्रेक्षागृहात शेजारच्या पोराने, हा तर चॅप्लिनची नक्कल करणारा, असा शेरा मारल्याचे लॉइडने नमूद करून ठेवले आहे. तो शेरा त्याला झोंबला. चालता धंदा मोडून नवे पात्र उभे करायचे, असे त्याने ठरवले. वितरकांना हे मुळीच पसंत नव्हते. पैसा देणारा ल्यूक सोडून कुण्या अनोळखी पोरावर पैज का लावायची, हा त्यांचा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने चूक म्हणता येणार नाही.

नव्या पात्राची कल्पना त्याला एका चित्रपटातून सुचली होती. त्यात चष्मा लावणारा, दिसायला भोळा धर्मोपदेशक प्रसंग पडताच गुंडांना लोळवतो. त्या काळात पडद्यावर चष्मा म्हणजे पुस्तकी, दुबळा, म्हातारा माणूस असे समीकरण होते. त्याच चष्म्यामागे चारचौघांसारखा, नीट कपडे घालणारा आणि प्रसंगी जिवावर उदार होणारा तरुण ठेवला तर? रंगवलेला चेहरा नको, विचित्र बूट नकोत, फक्त चष्मा.

मग सुरू झाला चौकटीचा शोध, आणि त्यात लॉइडने दाखवलेला चोखंदळपणा नंबरचा चष्मा घेणाऱ्या कुणालाही शिकण्यासारखा आहे. पहिली चौकट जड निघाली. दुसरीचा व्यास इतका मोठा, की भुवया झाकल्या जात; आणि मूकपटाच्या नटाचा अर्धा अभिनय भुवयांतच असतो. चौकटीची वरची कड भुवयांच्या खाली राहावी, हा ठोकताळा चष्म्याच्या दुकानांत आजही सांगतात. लॉइड तो चेहऱ्यावर चौकटी चढवून शिकला. दुकानामागून दुकाने पालथी घातल्यावर लॉस एंजेलिसच्या स्प्रिंग स्ट्रीटवरील एका लहान दुकानात त्याला हवी तशी कचकड्याची चौकट मिळाली. किंमत 75 सेंट. तेवढ्यात खरे कासवाचे कवच मिळणे कठीणच. त्या काळी त्याची नक्कल सेल्युलॉइडमध्ये करीत, आणि सिनेमाची फीतही त्याच सेल्युलॉइडची असे. काचा मुद्दामच बसवल्या नाहीत. दिव्यांचा प्रकाश त्यावरून उसळला असता आणि डोळे हरवले असते. सप्टेंबर 1917 मध्ये ‘ओव्हर द फेन्स’ या लघुपटात हा चष्मा प्रथम पडद्यावर आला.

ती एकच चौकट त्याने सुमारे दीड वर्ष जिवापाड जपली. ती मोडली तेव्हाही त्याने टाकली नाही. खळ, मग नट मिशा चिकटवतात तो डिंक, असे करीत आणखी तीन महिने काढले. मिशी सोडून चष्म्याकडे वळलेल्या नटाला मिशीच्याच डिंकाचा आधार घ्यावा लागला! अखेर ती चौकट नमुन्यादाखल पूर्वेकडील एका कारखानदाराकडे धनादेशासह पाठवण्यात आली. परत आल्या वीस चौकटी, आणि सोबत धनादेशही. लॉइडमुळे अशा चौकटींची जी जाहिरात झाली, तिच्यापुढे ही किंमत काहीच नाही, असा त्या कारखानदाराचा हिशेब होता. म्हातारपणाची खूण मानली जाणारी वस्तू तरुणांनी हौसेने मिरवावी, या बदलात लॉइडचा वाटा होता, याची ही व्यापाऱ्याने दिलेली पावतीच.

ऑगस्ट 1919 मध्ये मात्र सारे संपल्यासारखे झाले. जाहिरातीच्या छायाचित्रासाठी हातात एक नकली बॉम्ब धरून त्याच्या वातीवर सिगारेट पेटवायची होती. बॉम्ब नकली नव्हता. चेहऱ्यासमोर धूर येतो म्हणून लॉइडने हात खाली घेतला आणि त्याच क्षणी स्फोट झाला. हात वर असता तर तो वाचता ना. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. चेहरा भाजला, आणि दृष्टी परत येईल की नाही याची खात्री कुणाला देता येईना. काचेविना चष्मा घालून कीर्ती मिळवलेला सव्वीस वर्षांचा नट रुग्णालयात अंधारात पडून होता. हाताचे जे झाले ते झाले. डोळे गेले असते तर पुढचे काहीच उरले नसते.

दृष्टी परत आली. जखमा भरल्या आणि चेहऱ्यावर पडद्यावर जाणवतील असे व्रणही राहिले नाहीत. उजव्या हातात कृत्रिम बोटे बसवलेला कातडीच्या रंगाचा मोजा घालून तो काही महिन्यांतच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. घड्याळाला लटकणारा तो हात या अपघातानंतरचा आहे. दूरच्या काही दृश्यांत बदली कसरतपटू होते, खाली गाद्यांचा मंचही होता; पण जवळच्या दृश्यांत लॉइडच आहे, आठ बोटांनिशी. या व्यंगाचा त्याने कधी गाजावाजा होऊ दिला नाही. प्रेक्षकांचे लक्ष चष्म्याकडे असे, हातांकडे नव्हे.

‘गर्ल शाय’, ‘द फ्रेशमन’, ‘द किड ब्रदर’, ‘स्पीडी’ अशी यशाची रांग 1928 पर्यंत लागली. नंतर बोलपट आला, मंदी आली. स्वतःच्या हिमतीवर वर चढणारा तो उमेदवार तरुण बेकारांच्या रांगा पाहणाऱ्या प्रेक्षकांना पूर्वीइतका आपला वाटेना. 1947 च्या चित्रपटानंतर त्याने अभिनय थांबवला. पैसा त्याने राखला होता. उरलेली वर्षे श्राइनर्स संघटनेच्या बालरुग्णालयांचे काम आणि त्रिमिती छायाचित्रणाचा छंद यांत गेली. 1953 मध्ये त्याला सन्माननीय ऑस्कर मिळाले.

चष्मा काढला, की लॉइड रस्त्याने खुशाल फिरे आणि कुणी ओळखत नसे. चॅप्लिनप्रमाणेच त्यालाही हे स्वातंत्र्य वेषभूषेने दिले होते. फरक एवढाच, की लॉइडची सारी वेषभूषा कोटाच्या खिशात मावत असे. 8 मार्च 1971 रोजी बेव्हर्ली हिल्स येथील ‘ग्रीनएकर्स’ या आपल्या घरी, वयाच्या 77 व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले.