हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य : पत्रव्यवहार ते 'आज्ञापत्र'

मराठीतील राजनीतिपर गद्याचा विचार 'आज्ञापत्रा'वाचून पुरा होत नाही. मात्र त्याचे कर्ते रामचंद्र नीलकंठ यांची हयात दरबारी पत्रव्यवहारात गेली, या गोष्टीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या ग्रंथाची भूमिका समजून घेण्यासाठी ती हयात पाहणे अगत्याचे ठरते.

शिवकालीन मुजुमदार निळो सोनदेव यांचे हे पुत्र. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अमात्यपदी होते. राज्याचा जमाखर्च तपासणे हे त्या पदाचे काम. फौजेला सरंजामाऐवजी रोख वेतन द्यावे, हे शिवाजी महाराजांचे धोरण त्यांनी हिशेबाच्या कागदांतून जवळून पाहिले.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांनी जिंजी गाठली. तेथे प्रल्हाद निराजी प्रतिनिधी झाले व नव्या राजसभेची घडी बसू लागली. महाराष्ट्राचा कारभार 'हुकूमतपन्हा' या किताबासह रामचंद्रपंतांवर सोपविण्यात आला. साहाय्यास शंकराजी नारायण होते. छत्रपती कर्नाटकात, कारभारी विशाळगडी आणि दोहोंच्या मधल्या मुलखात मोगली फौजा. खजिना रिता असता राज्याचे अस्तित्व पुष्कळसे कागदावरच टिकून होते. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या मोहिमांना पाठबळ देणे, किल्ल्यांची रसद राखणे, रयतेला कौल देऊन उजाड गावे वसविणे, फितलेल्या देशमुखांना अभय देऊन परत वळविणे, ही सारी कामे पत्रद्वारेच चालत.

औरंगजेब मनसबी व वतने देऊन मराठे सरदार फोडीत होता. त्यांना स्वराज्यात राखावयाचे तर वतने देण्यावाचून गत्यंतर नव्हते. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना दिलेले आश्वासनपत्र या दृष्टीने बोलके आहे. त्यात रायगड प्रांतापासून थेट दिल्लीपर्यंतच्या विजयांशी बक्षिसाचे टप्पे जोडलेले आहेत. राज्य वाचले, पण ज्या धोरणात अमात्य घडले होते, त्यालाच मुरड घालावी लागली.

१७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. पुढे अमात्यांनी ताराबाईंच्या कारकिर्दीत काम केले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन दुसरे संभाजी गादीवर आले, तेव्हा अमात्य त्यांच्या पक्षास होते. या संभाजींच्या नावाने १७१५ मध्ये 'आज्ञापत्र' सिद्ध झाले. १७१६ मध्ये अमात्यांचे निधन झाले.

या ग्रंथात वतनदारांविषयी कमालीची सावधगिरी बाळगण्याचा उपदेश आहे आणि वंशपरंपरागत इनामांना स्पष्ट विरोध आहे. वरवर पाहता यात विसंगती दिसते, कारण ज्या राजवटीने निरुपायाने वतने वाटली, तिचेच हे प्रमुख कारभारी होते. परंतु या उपदेशाचे बळ त्या अनुभवातच आहे. वतनाच्या एकेका सनदेने राज्याचा किती अंश हातचा जातो, हे सनदा देणाऱ्या कारभाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? ग्रंथाची रचनाही राजाज्ञेच्या पत्राचीच आहे. संकटकाळी जे पत्रांतून मान्य करावे लागले, त्याला स्थिर काळात मर्यादा घालणारे अमात्यांचे अखेरचे पत्र म्हणूनच 'आज्ञापत्र' वाचणे अधिक सयुक्तिक होईल.