मिठाच्या एका खड्यात दोन वजनांचं क्लोरीन असतं, हे दाखवून देणारा बिअर कारखान्यातला केमिस्ट

पेण-उरणच्या मिठागरांतलं मीठ एकेकाळी खालापूरच्या वाटेनं बोरघाट चढून देशावर जायचं. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. त्याआधी गोण्या बैलांच्या पाठीवर असायच्या. आजही कर्जत-खोपोलीच्या बाजारात सुक्या मासळीच्या शेजारी जाड्या मिठाचा ढीग दिसतो.

त्या ढिगातला एक खडा उचला. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, हे शाळेत शिकलेलं असतं. पण त्यातलं क्लोरीन एकाच वजनाचं नसतं. दर चार अणूंमागे साधारण तीन अणू ३५ वजनाचे आणि एक ३७ वजनाचा. हे सिद्ध करणाऱ्या माणसाचं नाव फ्रान्सिस विल्यम अ‍ॅस्टन.

अ‍ॅस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १८७७ चा, बर्मिंगहॅमजवळच्या हारबोर्नचा. केमिस्ट्री शिकले आणि नोकरी लागली थेट बिअरच्या कारखान्यात. तिथं तीन वर्षं काढली. पण जीव रमायचा घरच्या वर्कशॉपमध्ये. काच फुंकून नळ्या बनवायच्या, त्यातली हवा काढायची आणि आतून वीज सोडून काय दिसतं ते बघायचं. या नादापायी १९०३ मध्ये स्कॉलरशिप मिळवून ते पुन्हा विद्यापीठात दाखल झाले. वडील गेल्यावर वारशाचे पैसे हाती आले, तेव्हा जगप्रवासही करून आले.

१९१० मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या हाताखाली काम मिळालं. थॉमसन म्हणजे इलेक्ट्रॉन शोधणारे. तिथं निऑन वायूनं सगळ्यांना कोड्यात टाकलं. फोटोच्या काचेवर २० वजनाची रेघ उमटायची आणि तिच्या बाजूला २२ ची एक फिकट रेघ. दुसरी रेघ कुणाची? एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, म्हणजे आयसोटोप, असतात ही कल्पना तोवर फक्त किरणोत्सारी पदार्थांपुरती मानली जायची. अ‍ॅस्टन यांनी निऑन मातीच्या बारीक छिद्रांतून पुन्हा पुन्हा गाळून दोन भाग वेगळे करायचा खटाटोप केला. थोडासा फरक पडला. शंका मिटण्याइतका मात्र नाही.

तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. अ‍ॅस्टन यांची रवानगी फार्नबरोला झाली, विमानांच्या कापडावरच्या लेपाचं काम करायला. निऑनचं कोडं जिथल्या तिथं राहिलं.

युद्धातून परतल्यावर १९१९ मध्ये त्यांनी नवं यंत्र उभं केलं, मास स्पेक्ट्रोग्राफ. यात विद्युतभार असलेले अणू वीज आणि चुंबकाच्या जोरावर वळवले जातात. हलका अणू जास्त वळतो, जड अणू कमी. त्यामुळे प्रत्येक वजनाची रेघ काचेवर वेगळ्या जागी पडते. हजारात एका भागाचा फरक ओळखण्याची या यंत्राची ताकद होती.

क्लोरीनची पाळी आली ती याच वर्षी. केमिस्ट लोकांना क्लोरीनचं वजन शंभर वर्षं छळत होतं. सगळे अणू हायड्रोजनच्या पटीत असावेत, ही प्राउट यांची १८१५ ची कल्पना दिसायला सुंदर होती. पण क्लोरीनचं वजन मोजलं की येणार ३५.४६. अर्धवटच. ही कल्पना मोडीत निघण्यात क्लोरीनचा हात मोठा होता.

अ‍ॅस्टन यांच्या काचेवर ३५.४६ ला रेघच नव्हती. ३५ ला होती, ३७ ला होती. ३५.४६ वजनाचा क्लोरीन अणू निसर्गात कुठेच नाही, तो नुसता सरासरीचा आकडा. कुटुंबात सरासरी अडीच मुलं असतात म्हणून कुणाच्या घरात अर्धं मूल नसतं, तसंच हे.

पण काचेवर ३६ आणि ३८ च्याही रेघा होत्या. ते हायड्रोजन चिकटलेलं क्लोरीन, असं अ‍ॅस्टन यांचं म्हणणं. मग ३७ ची रेघही ३५ ला दोन हायड्रोजन चिकटून झालेली नसेल कशावरून? ही शंका काढणाऱ्यांत खुद्द थॉमसन होते. ज्यांच्या प्रयोगशाळेत काम शिकलो, त्यांनाच पटवायचं होतं. अ‍ॅस्टन वाद घालत बसले नाहीत. एकामागून एक मूलद्रव्यं यंत्रात घालत गेले. १९२२ मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. पुढे निसर्गातले २१२ आयसोटोप त्यांनी शोधले.

लग्न केलं नाही. ट्रिनिटी कॉलेजात राहायचे, चेलो वाजवायचे, सूर्यग्रहण बघायला सुमात्रा, कॅनडा आणि जपानपर्यंत जायचे. २० नोव्हेंबर १९४५ ला केंब्रिजमध्येच त्यांचं निधन झालं.

नंतरची यंत्रं कितीतरी बारीक मोजू लागली आणि ३५-३७ चं प्रमाण सगळीकडे तंतोतंत सारखं नसतं, हे कळलं. समुद्राच्या पाण्यात ते जवळपास एकच असतं, म्हणून तुलना त्याच्याशी होते. मिठागरात पाणी आटून खडे धरतात तेव्हा खड्यात जड क्लोरीन किंचित जास्त जातं आणि मागे उरलेलं पाणी किंचित हलकं होतं. फरक हजारात साधारण पाव भागाचा. पाणी आणखी आटून मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार बसू लागले की हा खेळ उलटतो. ते कडू पाणी आगरी माणूस वाफ्यातून आधीच काढून टाकतो. बुलढाण्यातल्या लोणारसारख्या तळ्यात मात्र पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. खाऱ्या तळ्यांमध्ये आणि जमिनीखालच्या मिठाच्या थरांमध्ये पाणी किती वेळा आटलं, जुनं मीठ पुन्हा विरघळलं का, याचा माग काढताना भूगर्भशास्त्रज्ञ ३५ आणि ३७ चं हेच प्रमाण तपासतात.