तपासणी झाली, उपचारांचं काय?

'बिकिनी' म्हटलं की तुम्हाला स्विमसूट आठवतो ना? मुळात हे नाव आहे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एकाचं. या बेटांच्या परिसरात अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये ६७ अणुचाचण्या केल्या.

सगळ्यात मोठी चाचणी १ मार्च १९५४ची, हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा साधारण हजारपट ताकदीची. रोंगेलॅप बेटावर पांढरी भुकटी पडली आणि पोरं त्यात खेळली. लोकांना तिथून हलवलं दोन दिवसांनी. तोवर अंग भाजलं होतं, पुढे केस गळायला लागले. १९५७ मध्ये त्यांना परत त्याच बेटावर पाठवलं. मग ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे डॉक्टर दरवर्षी यायचे, रक्त तपासायचे. थायरॉइडच्या गाठी निघाल्या, तेव्हा काहींना ऑपरेशनसाठी अमेरिकेला नेलं. पण बाकीच्या दुखण्यांकडे कोण बघणार? आपण पेशंट आहोत की प्रयोगातले उंदीर, असं लोकांना वाटू लागलं.

डार्लीन केजू तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिचं बालपण वोत्जे बेटावर गेलं. अमेरिकेने बाधित मानली फक्त चार प्रवाळबेटं, त्यात वोत्जे नव्हतं. डार्लीन शिकायला हवाईला गेली. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेताना तिने बेटांवरच्या बायकांचं ऐकून घेतलं. मूल पोटातच जाणं, व्यंग असलेली बाळं जन्मणं, हे त्या लाजेने कुणाला सांगत नव्हत्या. १९८३ मध्ये व्हँकुव्हरला जगभरच्या चर्चच्या परिषदेत डार्लीनने ते सगळ्यांसमोर मांडलं. त्रास चार बेटांपुरता नाही, हेही ठणकावलं.

त्याच वर्षी तिला मास्टर्स पदवी मिळाली. ती मायदेशी परतली. बाहेरचा डॉक्टर वर्षातून एकदा येणार, मग उरलेलं वर्ष कुणाच्या भरवशावर? तिचं उत्तर होतं : तुमच्याच वयाची मुलं. १९८६ मध्ये तिने 'युथ टू युथ इन हेल्थ' सुरू केलं. मुलंमुली युकुलेले वाजवत, गाणी-नाटकांतून लसीकरण, आहार, कुटुंबनियोजन समजावू लागली. आरोग्याचं ज्ञान बेटावरच्यांच्या हातात आलं.

१९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने डार्लीन गेली, अवघ्या ४५व्या वर्षी. सरकारी यादीत तिचं बेट शेवटपर्यंत आलं नाही. तिने तयार केलेली पोरं मात्र बेटाबेटांवर काम करत राहिली. पब्लिक हेल्थ म्हणजे नुसती डिग्री वाटत असेल, तर डार्लीनबद्दल जरूर वाचा.